गावचं काविळीचं औषध: द्यावं की नको? (सातारा-सांगलीकडच्यांनी जरूर लिहा)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला कावीळ झालीय. वय २४. आमचं गाव कराड तालुक्यात, तो तिथंच आईवडिलांजवळ असतो. आधी चार दिवस ताप, अन्नावरची वासना गेली, चहाचा वास आला तरी मळमळायचं. मग डोळे पिवळे झाले. लघवी मोहरीच्या तेलासारखी. रक्तातलं बिलिरुबिन (ज्यानं पिवळेपणा येतो ते) ७.८ आलंय, एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी तपासणी) ११०० च्या वर, हिपॅटायटिस ए पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या, जाईल ते खा, आठवड्यानं परत रक्त बघू. उलटीची गोळी सोडली तर औषध काही नाही.

घरातला वाद इथंच सुरू झाला. आई म्हणते, "डॉक्टरनं औषधच दिलं न्हाय, मग बरं कशानं व्हायचं?" शेजारच्या गावात एका घरी काविळीचं औषध देतात. रविवारी आणि बुधवारी, उजाडायच्या आत, उपाशीपोटी, ताकातून. पैसे घेत नाहीत, नारळ ठेवायचा. पुढं एकवीस दिवस तेल नाही, हळद नाही, तिखट नाही.

मी नऊ वर्षांचा असताना तिथंच औषध घेतलंय आणि बराही झालोय. एक आजी पाटा-वरवंटा घेऊन बसलेली. ओला पाला तिनं आमच्या देखत वाटला आणि तो हिरवा गोळा ताकात कालवला. कडूजहर. पानं बारीक, चिंचेच्या पानांसारखी, आणि त्यांच्या खालच्या अंगाला ओळीनं मण्यांसारखी फळं, एवढं मला अजून दिसतं. आईनं नाव विचारलं तर आजी म्हणाली, "नाव सांगितलं की गुण जातो."

मी पुण्यात असतो. शनिवारच्या एसटीनं गावी चाललोय आणि रविवारी आई भावाला घेऊन जाणार म्हणजे जाणार. तो पाला कशाचा असेल? तुमच्याकडं कुणी घेतलंय का? आणि मुख्य म्हणजे, द्यावं का?

दुष्काळी_माणदेश

द्या की. इचार कसला करताय. आमच्या म्हसवडकडं समद्यांनी घेतलंय. माझा चुलता, माझी बहीण, मी सोता. आमाला तर औषधाबरुबर गळ्यात माळ बी घातली हुती. माळ सकाळी गळ्यालगत हुती, चार दिसांत बेंबीपातूर आली. जशी माळ वाढंल तशी कावीळ उतरती. डोळ्यानं बगितलेलं सांगतोय.

गुऱ्हाळ

उसाचा रस पाजा, रोज दोन ग्लास. आपल्याकडं उसाला काय तोटा?

सहाणेवरची_सुंठ

कोयनाकाठ, मी आयुर्वेदाची पदवी घेतलेली वैद्य आहे. वाई भागात सतरा वर्षं प्रॅक्टिस करते. तुमच्या तिन्ही प्रश्नांना जमेल तशी उत्तरं देते.

वर्णनावरून पाला भुईआवळीचा वाटतो. पावसाळ्यात बांधावर, परसात, कुंडीत कुठंही उगवते. वीतभर ते हातभर उंची, आवळ्यासारखी बारीक पानं, पानाखाली मोहरीपेक्षा थोडी मोठी हिरवी फळं ओळीनं लटकलेली. संध्याकाळी पानं मिटतात. काविळीला ती फार जुन्या काळापासून वापरात आहे आणि नीट ओळखून, योग्य मात्रेत दिली तर मीही वापरते. आमच्याकडं काविळीत कुटकी जास्त चालते, पण ती हिमालयातली. आरोग्यवर्धिनी नावाच्या आमच्या गोळीत निम्मा भाग कुटकीच असते. मात्र त्यात पारा-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्मही असतं, त्यामुळं ती दुकानातून आणून मनानं घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. भुईआवळीला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो "नाव सांगितलं की गुण जातो" याला. ज्या औषधाचं नाव माहीत नाही, मात्रा माहीत नाही, त्यात आणखी काय मिसळलंय ते माहीत नाही, ते सुजलेल्या यकृतावर घालायचं? उद्या त्रास झाला तर मी किंवा मिरजेचा डॉक्टर उतारा कशाचा शोधणार? माझ्याकडं असे पेशंट आलेत. काय घेतलं म्हणून विचारलं की उत्तर एकच, "गावचं औषध."

लघवीचा रंग सांगितलात, शौचाचा कसा आहे? शाडूसारखी पांढरी होते का? अंगाला खाज आहे का? आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) केलंय का?

भिंगवाली

मी मिरजेत लॅबमध्ये काम करते. अशा रिपोर्टांवरच माझा दिवस जातो.

हिपॅटायटिस ए ही दूषित पाण्यातून येणारी कावीळ. ती मारणारं औषध ना डॉक्टरांकडं आहे ना त्या आजींकडं. शरीरच तिला हटवतं. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात, काहींना दोन महिने लागतात. आणि लोक औषधाला कधी जातात? डोळे पिवळेधमक झाल्यावर, म्हणजे आजार चढून उतरायच्या बेतात असताना. त्या रविवारी कुणी काहीही दिलं, नुसतं ताक दिलं तरी पुढच्या रविवारी पेशंट बराच दिसणार. तुमचं नवव्या वर्षीचं बरं होणं मी खोटं म्हणत नाही. पण तुमच्या वर्गातला दुसरा एखादा मुलगा तेव्हाच औषध न घेता बरा झाला असेल, त्याला कुणी विचारलं नाही.

पण "कावीळ" हे एका आजाराचं नाव नाही हे आईंना जरूर सांगा. पित्ताशयातला खडा नळीत अडकला तर डोळे पिवळे होतात. स्वादुपिंडाची गाठ असली तर होतात. दारूनं, टीबीच्या गोळ्यांनी, लेप्टोनं (उंदरांच्या मुतातून येणाऱ्या तापानं), मलेरियानं होतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी तीन गावांची तीन औषधं घेतली, दीड महिना पथ्य पाळलं. अंगाला इतकी खाज की रात्र रात्र खरखरीत कांबळ्यावर पाठ घासायचे. शेवटी सोनोग्राफी केली तर नळीत खडा. पाल्यानं खडा निघणार होता का? तोवर आत पू झाला होता. वाचले, पण खूप भोगलं त्यांनी.

भावाचं बोलणं असंबद्ध झालं, दिवसा झोप आणि रात्री जाग असं सुरू झालं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर रविवारची वाट बघू नका. तडक दवाखाना.

हरिपूरचा

गुऱ्हाळशेठ, रसाला ना नाही पण रस्त्यावरच्या रसातला बर्फ? अर्ध्या मिरजेची कावीळ त्या बर्फातूनच येत असेल. घरी ऊस सोलून चरकात घातला तर गोष्ट निराळी.

गुऱ्हाळ

@हरिपूरचा, मान्य. मी गुऱ्हाळावरचाच म्हणत होतो, तिथं बर्फ नसतो. काहिलीजवळ बसून प्या.

तपासूनच

@दुष्काळी_माणदेश, माळ वाढते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, तुम्ही खोटं बोलत नाही. पण ती का वाढते ते मी हातानं करून बघितलंय. साताऱ्यात आम्ही शाळांमधून हा प्रयोग करायचो. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच, त्यांच्यासोबत काम केलेल्या कार्यकर्त्यांकडून मी शिकलो.

ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोऱ्यात एका विशिष्ट गाठीनं एकमेकांना खेटून बांधत जायचं. काडीला दोऱ्याचा वेढा बसतो. काडी सुकते, बारीक होते, वेढा सैल पडतो आणि त्यातला दोरा मोकळा होऊन माळ लांबते. आम्ही एक माळ आजाऱ्याच्या नाही, खिळ्याच्या गळ्यात घातली होती. म्हणजे भिंतीवर टांगली. चार दिवसांत तीही हातभर वाढली. भिंतीला काही कावीळ नव्हती!

दुसरा प्रकार चुन्याच्या निवळीत हात धुवायचा. पाणी पिवळं होतं आणि "उतरली बघा कावीळ" म्हणतात. त्याआधी हाताला काहीतरी चोळलेलं असतं. आंब्याच्या सालीचा रस चोळून बघा, निरोगी माणसाच्या हातानंही पाणी पिवळं होतं.

दुष्काळी_माणदेश

@तपासूनच, खिळ्याला टांगून बगतो. ह्या आयतवारी करतोच. पर माळंचं खोटं निघालं म्हणून पाल्याचं बी खोटं, आसं न्हाय हां.

तपासूनच

तसं मी म्हणतच नाही. पाला तपासता येतो, गाठीत तपासण्यासारखं काही नाही.

शिराळकरीण

नाकात थेंब घालतात ते कुणी लिहिलं नाही. बारावीत असताना मला कावीळ झाली. मामानं शिराळ्याजवळच्या एका माणसाकडं नेलं. त्यानं देवडांगरीचं वाळलेलं फळ रात्रभर भिजत घातलेलं. ते इवलंसं फळ, वरून काटेरी, आत जाळी. ते पाणी फडक्यानं गाळून दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग कपाळात कुणीतरी मिरची भरल्यासारखं झालं आणि नाकातून पिवळं पाणी जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत. मांडीवर परात घेऊन बसले होते. मामा खूश, "बघ, कावीळ चाललीय बाहेर." रात्री नाकातून रक्त आलं. आठ दिवस कशाचाही वास येत नव्हता, आई खोबरं भाजत होती तरी कळलं नाही.

मी बरी झाले. थेंबांनी झाले की आपोआप, मला सांगता यायचं नाही. पण माझ्या मुलीच्या नाकात मी ते घालू देणार नाही.

सहाणेवरची_सुंठ

शिराळकरीण, वाचून वाईट वाटलं. ते पिवळं पाणी म्हणजे कावीळ नव्हे. देवडांगरी अतिशय दाहक आहे, नाकाचं अस्तर सोलवटतं, ते पाणी त्याचं. कावीळ यकृतात असते आणि पित्त नाकावाटे बाहेर पडत नाही. आमच्या ग्रंथांत देवदाली म्हणून तिचा उल्लेख येतो, पण शोधनासाठी, म्हणजे शरीरशुद्धीसाठी, पेशंटचं बळ बघून. बारावीतल्या अशक्त मुलीवर नाही.

रानवाट_पाटण

सगळेच औषध देणाऱ्यांच्या मागं लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी पाटणकडचा, वडिलांबरोबर रानात वाढलो.

आमच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. फुलं आली की वास असा येतो की नाव कसं पडलं ते सांगावं लागत नाही. म्हातारी माणसं त्याला फारसं विचारायची नाहीत. पण त्यात कॅम्पटोथेसिन असतं. ते द्रव्य आधी १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं, नंतर आपल्या नरक्यात. त्याच्यापासून बनलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज कॅन्सरवर देतात. हे कळलं आणि आमच्या डोंगरात कुऱ्हाडी आल्या. रात्रीत झाडं तोडून, तुकडे करून, पोती भरून खाली जायची. बुंध्यांचे पांढरे खुंट मी बघितलेत, चालताना ठेच लागावी इतके.

सर्पगंधा घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरचा तिचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून खोकल्याचं ब्रोमहेक्सिन आलं. कळलावीतलं कोल्चिसिन गाउटवर देतात. म्हणजे आपल्या लोकांना कळत होतं. त्यांना ठग म्हणून एका ओळीत बसवू नका.

आणि नाव न सांगण्यामागं माझ्या वडिलांचं कारण सरळ होतं. नाव सांगितलं की लोक पोतं घेऊन येतात. मुळासकट उपटतात. पुढच्या वर्षी औषधाला काडी मिळत नाही. गुण जातो तो असा.

कोयनाकाठ

@रानवाट_पाटण, हे कारण मी आज पहिल्यांदा ऐकलं. त्या आजींच्या मनात हेच असेल का, असं दुपारपासून डोक्यात चाललंय.

@सहाणेवरची_सुंठ, शौचाचा रंग नेहमीचा आहे, खाज नाही. पीटी-आयएनआर १.१ आलंय, रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर होतं.

भिंगवाली

आयएनआर १.१ म्हणजे यकृत आपलं काम करतंय. चांगली खूण. पुढच्या तपासणीतही ते जरूर करून घ्या, बिलिरुबिनपेक्षा मी आधी तेच बघते.

वाईकर_काकू

कळलावीचं नाव निघालं म्हणून सांगते, हे सगळ्यांनी वाचा. दिसायला काय देखणं फूल, लाल-पिवळं, पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळा लागल्यासारखं. कळा लावते म्हणून कळलावी. बाळंतीण अडली की तिचा कंद ठेचून बेंबीवर, तळपायावर लेप द्यायचे. आमच्या सासूबाई सांगायच्या, लेप दिला की कळा आल्या न आल्या, आधी धुऊन टाकायचा. एवढं कडक. हा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. रताळ्यासारखा दिसतो म्हणून पोरांना भीती. आमच्या परड्यातली वेल सासऱ्यांनी स्वतः खणून काढली होती.

अडुळसाही तसाच. खोकल्याला उत्तम, पण गरोदर बाईला द्यायचा नाही, गर्भाशय आकुंचन पावतं.

सहाणेवरची_सुंठ

काकूंना शंभर टक्के अनुमोदन. आणि मुलांना गुटी देणाऱ्यांसाठी: मुरडशेंग, हळकुंड, सुंठ यांचे सहाणेवर किती वळसे द्यायचे हे आपल्या आज्यांना नेमकं ठाऊक असायचं. ते मोजमाप होतं. आता बाजारात आयती पूड मिळते आणि चमच्यानं घालतात. वेखंडाचं तर विशेष सांभाळा. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको.

हरिपूरचा

हळदीचं पथ्य का? हे मला खरंच समजत नाही. पिवळा आजार म्हणून पिवळं खायचं नाही, एवढंच ना? आम्ही हळदीत जन्मलेली माणसं.

आमच्या गावात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद भरून तोंड बंद. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, नाहीतर माणूस आतच गुदमरायचा. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं गेली. माझ्या आजोबांनी त्या दिवशी पाण्याकडं बघत नुसतं "गेलं" म्हटलं आणि दोन दिवस जेवले नाहीत.

याच हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था लढली, जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. ग्रंथांत, कागदांत नाव लिहिलेलं होतं म्हणून हे जमलं. रानवाटभाऊ, तुमच्या वडिलांचं दुःख पोहोचलं, पण नुसतं आजीच्या पोटात ठेवलेलं असतं तर आपण काय दाखवणार होतो? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही कागदपत्रांवरच.

भिंगवाली

हळदीचं पथ्य करायचं कारण नाही. भाजीतल्या चिमूटभर हळदीनं काही होत नाही. मात्र हळदीच्या अर्काच्या जोरदार मात्रेच्या गोळ्या विकतात, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकघरातली हळद निराळी आणि त्या गोळ्या निराळ्या.

गुळवेलीचं आठवतंय ना? कोरोनात घरोघरी काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयानं सांगितलं की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता आहे. वाद अजून आहे.

सहाणेवरची_सुंठ

त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात, कापल्यावर दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीला तसा चीक नाही. कोरोनात माझ्याकडं लोक पिशवी भरून वेल दाखवायला आणायचे. एकानं आणलेली तर चक्क मनीप्लांटची होती. त्यांच्या अख्ख्या वाड्यानं आठ दिवस ती प्यायली होती, घसा सुजेपर्यंत.

भुईआवळीबद्दलही खरं तेच सांगते. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की हिपॅटायटिस बीच्या वाहकांना भुईआवळी दिल्यावर ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातला विषाणूचा अंश दिसेनासा झाला. साऱ्या जगाचं लक्ष गेलं. नंतरच्या अभ्यासांत तसा गुण दिसला नाही. शिवाय तो बीचा अभ्यास, तुमच्या भावाला आहे ए. मला ही वनस्पती प्रिय आहे म्हणूनच तिच्या नावावर नसलेलं काही मी घालणार नाही.

वाईकर_काकू

कोयनाकाठ, एक विचारते. घरात कुणी गरोदर आहे का?

कोयनाकाठ

हो. थोरली वहिनी, सातवा महिना लागलाय. का काकू?

भिंगवाली

काकूंनी बरोबर जागी बोट ठेवलं. माझंच आधी विचारायचं राहिलं. ज्या पाण्यातून ए येते त्याच पाण्यातून हिपॅटायटिस ई येऊ शकते. इतरांना ती एसारखीच, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जिवावर बेतते. मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. भावाची ईची तपासणी झालीय का? वहिनींना ताप, मळमळ, काही वाटलं तर आजच्या आज रक्त तपासा. पाणी खळखळून उकळलेलंच प्यायचं, भांडी घासायचं पाणीही स्वच्छ हवं. भावाचा संडास शक्य असेल तर वेगळा, नाहीतर प्रत्येक वेळी ब्लीचिंगनं धुवा. हात साबणानं.

गावात आणखी किती जणांना आहे?

कोयनाकाठ

आत्ता आईला फोन केला. एकट्या आमच्या आळीत सहा. मला कुणी बोललंच नव्हतं! नळाची पाइपलाइन गटारातून गेलीय आणि एका ठिकाणी जोड गळतो, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. नळाला पाणी येतं तेव्हा पहिल्या दोन कळश्यांना वास येतो म्हणून बायका त्या ओतून देतात. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी पाला द्यायचा की नाही याच्यासाठी मी चार दिवस भांडतोय आणि वहिनी तेच पाणी पितेय.

तपासूनच

आरोग्य उपकेंद्रात आजच कळवा, एका आळीत सहा म्हणजे साथ आहे. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते का आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, होते का, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला (पाण्याची देखरेख करणाऱ्याला) विचारा. टेस्ट टाकीजवळ नको, तुमच्या आळीच्या शेवटच्या नळावर करा. काचेच्या नळीत पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचतंय.

दुष्काळी_माणदेश

हितं मातूर पाणी पिवळं झालं तर चांगलं व्हय! कोयनाकाठभाव, वैनींना म्हायेरी धाडा काई दिस.

कोयनाकाठ (सोमवार)

काल काय झालं ते लिहितो. जरा मोठं होईल.

शनिवारी पोचलो ते आधी वहिनीला साताऱ्याला माहेरी सोडलं. तिची आणि भावाची ईची तपासणी दिली. वैद्यताई, भिंगवालीताई, तुमचं लिहिलेलं सगळं आईला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मान हलवत होती आणि शेवटी म्हणाली, "बरं. साडेचारला उठव." मी हरलो. भावाला दुचाकीवर मध्ये बसवून आम्ही तिघं निघालो. अंधारच होता. आईनं नारळ पदरात धरलेला.

त्या घरापुढं आता पत्र्याची शेड आहे आणि बोर्ड. कावीळ, मूळव्याध, मुतखडा, साखर, मूल न होणे. आजी वारल्या, औषध आता दुसरंच कुणी देतं. आमच्यापुढं अकरा जण. नंबर आला तेव्हा त्यानं भावाकडं बघितलंसुद्धा नाही. प्लास्टिकच्या डब्यातून तपकिरी पुडी काढली, म्हणाला, "तीन पुड्या, पाचशे."

आईनं पुडी हातात घेतली. उघडली, वास घेतला, चिमूट बोटांत चोळली. "पाटा कुठाय?" म्हणाली. तो म्हणाला, "आता पाटा कोण वाटतंय मावशी, पावडरच आहे." आई म्हणाली, "म्हातारीनं माझ्या लेकाला देताना पाला माझ्या हातात दिला होता. धुऊन आण म्हणाली होती. मी बघितला होता मी काय पाजतेय ते." पुडी होती तशी मिटून तिनं परत ठेवली. नारळ मात्र ठेवला, आजीच्या नावानं, उंबऱ्याजवळ.

परत येताना कुणीच बोललं नाही. घरी आल्यावर तिनं भावाला मऊ भात आणि ताक दिलं.

आज परत रक्त तपासलं. बिलिरुबिन ९.१! वाढलंय. आई म्हणते, माझ्यामुळं झालं, ती पुडी घ्यायला हवी होती. काय सांगू तिला?

भिंगवाली

एसजीपीटी किती? आयएनआर किती?

कोयनाकाठ

एसजीपीटी ६४०. आयएनआर १.१. आणि त्यानं आज स्वतःहून भाकरी मागितली.

भिंगवाली

मग आईंना सांगा, उतार लागलाय. एसजीपीटी आधी खाली येतं, बिलिरुबिन मागून रमतगमत. भूक लागणं ही सगळ्यात मोठी खूण. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवाच, पण मी तुमच्या जागी असते तर आज झोपले असते.

सहाणेवरची_सुंठ

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पुडी बोटांत चोळून बघून त्यांनी जे विचारलं ते मी सतरा वर्षं पेशंटना शिकवायचा प्रयत्न करतेय.

रानवाट_पाटण

त्या आजी पाला धुवायला देत होत्या म्हणजे दाखवत होत्या. फक्त नाव घेत नव्हत्या. आमचे वडील अगदी असंच करायचे. ज्याला बघायचंय त्यानं बघावं.

हरिपूरचा

आता मात्र लिहून ठेवा हो. तुमच्या ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडापाल्याची आणि त्याच्या माहितीची वही) असणार, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ती करायची असते. भुईआवळी, कोण द्यायचं, कशातून द्यायचं, आजींचं नाव. सगळं.

कोयनाकाठ (बारा दिवसांनी)

उशिरा लिहितोय, माफी असावी. बिलिरुबिन २.६ वर आलं. एसजीपीटी ९८. ई दोघांचीही निगेटिव्ह, वहिनी ठीक आहे. आळीतल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट केली तर काचेतलं पाणी होतं तसंच राहिलं, जरासुद्धा पिवळं झालं नाही. आळीतल्या बायका त्या नळ्या घेऊन थेट ग्रामपंचायतीत गेल्या, आई पुढं. ट्यूबचा तुकडा काढून जोड बदललाय. पाइप अजून गटारातच आहे, त्याचा पाठपुरावा सुरू आहे.

आणि परसात मला बारीक पानांची दोन रोपं सापडली. फोटो टाकलेत. भुईआवळीच ना?

सहाणेवरची_सुंठ

पहिली हो. दुसरीचे देठ लालसर आहेत आणि फळं खरबरीत दिसतात, ती तिची बहीण, वेगळी जात. बघा, एका परसात दोन सापडल्या. नोंदवहीसाठी दोन्हीचे फोटो वेगवेगळे ठेवा.

दुष्काळी_माणदेश

माळ खिळ्याला टांगली हुती. वाढली. मुकाट्यानं काढून ठिवली. आईला अजून दावली न्हाय. भाव कामाला गेला का?

कोयनाकाठ

सोमवारपासून जाणार, अर्धा दिवस. एकवीस दिवसांचं पथ्य मात्र आईनं डोळे पिवळे झाल्यापासून मोजून पाळलंच. किती सांगितलं तरी हळद घातली नाही. काल बाविसावा दिवस होता, पिवळीजर्द आमटी केली आणि त्याच्या ताटाजवळ बसून राहिली.